धड्याचंच नाव फाइलला दिलं आणि पायथन अडला!



राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम घ्यावेत असं सांगितलं आहे. त्यामुळे पायथन ही भाषा आता फक्त शहरातल्या क्लासची राहिलेली नाही. पोखर्णीसारख्या गावातली मुलंही शाळेच्या संगणकावर, नाहीतर मोठ्या भावाच्या लॅपटॉपवर दोन-चार ओळींचे प्रोग्राम करून बघतात. अशा वेळी एक अडचण हमखास येते. ती आहे छोटीशीच, पण कारण कळलं नाही तर मूल म्हणतं, "सर, मला हे जमत नाही." आणि खरं सांगायचं तर त्याच्या कोडमध्ये एकही चूक नसते!

आजच्या लेखात ही अडचण समजून घेऊ. ती ओळखायची कशी, सोडवायची कशी आणि पुन्हा येऊ नये म्हणून मुलांना काय सवय लावायची, तेही पाहू.

(सूचना : पायथनचा कोड इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचा असतो. इथे वाचायला सोपं जावं म्हणून कोडचे उच्चार देवनागरीत दिले आहेत. 'डॉट पीवाय' म्हणजे पायथनच्या फाइलच्या नावाचं शेपूट.)

अडचण नेमकी काय आहे?

समजा, मुलाला सापशिडीसाठी फासा बनवायचा आहे. पायथनसोबत 'रँडम' नावाचं एक तयार मोड्यूल येतं. मोड्यूल म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या कोडची फाइल. ते मागवलं की त्यातली साधनं आपल्याला वापरता येतात. मूल तीन ओळी लिहितं :

१) प्रिंट ("चला, फासा टाकू")
२) इम्पोर्ट रँडम
३) प्रिंट (रँडम डॉट रँडइंट (१, ६))

पहिली ओळ वाक्य छापते, दुसरी 'रँडम' मोड्यूल मागवते आणि तिसरी १ ते ६ मधला एक अंक काढून दाखवते. तिन्ही ओळी बरोबर आहेत.

आता फाइल सेव्ह करायची वेळ येते. मूल विचार करतं, आज आपण रँडम शिकलो, मग फाइलचं नावही रँडम. फाइल होते 'रँडम डॉट पीवाय'. प्रोग्राम चालवला की "चला, फासा टाकू" हे वाक्य एकदा नाही तर दोनदा छापलं जातं, आणि खाली लाल अक्षरांत तक्रार येते. तिचा मराठीत अर्थ असा : 'रँडम नावाच्या मोड्यूलमध्ये रँडइंट नावाचं काहीच नाही.'

मग आपण काय करतो? स्पेलिंग तपासतो, ते बरोबर असतं. कंस तपासतो, तेही बरोबर. शेजारच्या संगणकावर त्याच तीन ओळी दुसऱ्या नावाने सेव्ह केलेल्या असतात आणि मस्त चालतात. मग कुणीतरी म्हणतं, "ह्या संगणकावरचा पायथनच खराब झालाय, काढून पुन्हा टाका." पुन्हा टाकला तरी अडचण तशीच, कारण मुलाची फाइल जागच्या जागी आहे. तास संपतो आणि मूल रिकाम्या हाताने वर्गात जातं.

पायथन नाव कुठे शोधतो?

हे कळण्यासाठी आधी आपल्या बोलण्याकडे बघू.

परभणीत कुणी म्हणालं, "मी विद्यापीठात चाललोय," तर ऐकणारा 'कोणत्या?' असं विचारत नाही. तो वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठच समजतो. हेच वाक्य नांदेडमध्ये म्हटलं तर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. छत्रपती संभाजीनगरात म्हटलं तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. शब्द एकच, पण बोलणारा जिथे उभा आहे तिथलं जवळचं विद्यापीठ आधी डोळ्यांसमोर येतं. आमच्या पोखर्णीतही "मंदिरात जाऊन येतो" म्हटलं की ते नृसिंहाचं मंदिर. वेगळं काही सांगायची गरजच पडत नाही.

पायथन अगदी असंच वागतो. 'इम्पोर्ट रँडम' म्हटलं की तो ठरलेल्या क्रमाने शोध घेतो :

१) हे मोड्यूल या प्रोग्राममध्ये आधीच मागवलेलं आहे का? असेल तर तेच वापरतो.
२) ते पायथनच्या मुख्य प्रोग्राममध्येच बांधलेलं आहे का? 'टाइम' आणि 'सिस' ही अशी मोड्यूल आहेत.
३) आपण चालवत असलेली फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे, तिथे या नावाची फाइल आहे का?
४) पायथनसोबत आलेल्या ग्रंथालयात आहे का? यालाच स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात.
५) आपण नंतर वेगळ्या बसवलेल्या मोड्यूलमध्ये आहे का?

जिथे नाव पहिल्यांदा सापडेल तिथेच शोध थांबतो. पुढच्या जागा तो बघत नाही. इथेच सगळी गोम आहे. खरं 'रँडम' मोड्यूल चौथ्या जागी आहे, पण मुलाची 'रँडम डॉट पीवाय' तिसऱ्या जागी आहे. पायथनला मुलाची फाइल आधी सापडते आणि खरं मोड्यूल मागे झाकलं जातं. इंग्रजीत याला शॅडोइंग म्हणतात, म्हणजे एकाच्या सावलीत दुसरा झाकला जाणं. खरं मोड्यूल पुसलेलं नसतं, बिघडलेलंही नसतं. ते फक्त दिसत नाही.

वाक्य दोनदा का छापलं गेलं?

मुलांना हा भाग फार आवडतो, म्हणून थोडा सावकाश समजून घेऊ.

प्रोग्राम सुरू झाला आणि पहिल्या ओळीने वाक्य छापलं. दुसऱ्या ओळीने 'रँडम' मागवलं. पायथनला त्याच फोल्डरमध्ये 'रँडम डॉट पीवाय' सापडली, म्हणजे मुलाचीच फाइल. मोड्यूल मागवणं म्हणजे ती फाइल वरून खाली चालवणं. म्हणून पायथन तीच फाइल मोड्यूल समजून पुन्हा पहिल्या ओळीपासून चालवू लागला. वाक्य दुसऱ्यांदा छापलं गेलं. पुन्हा दुसरी ओळ आली, 'इम्पोर्ट रँडम'. या वेळी पायथन म्हणतो, हे तर आधीच मागवलेलं आहे. ते अर्धवटच तयार झालेलं आहे, पण नोंद झालेली आहे. म्हणून तो पुढे जातो. तिसऱ्या ओळीत त्या अर्धवट फाइलमध्ये 'रँडइंट' शोधतो. ते तिथे असणार कुठून? मुलाने ते लिहिलेलंच नाही.

थोडक्यात, फाइल स्वतःलाच हाक मारते आणि स्वतःच ओ देते. लाल अक्षरांत कधी कधी 'पार्शली इनिशिअलाइज्ड' असे शब्द येतात. त्यांचा अर्थ 'अर्धवट तयार झालेलं' एवढाच.

आपल्या शाळेत हे जास्त का घडतं?

कारण आपणच मुलांना नीटनेटकेपणा शिकवतो! वहीवर विषयाचं नाव, पानावर धड्याचं नाव. ही सवय चांगलीच आहे. पण गंमत बघा, गणिताच्या पुस्तकातल्या कितीतरी घटकांची इंग्रजी नावं पायथनच्या ग्रंथालयातही आहेत :

• अपूर्णांक : 'फ्रॅक्शन्स'
• दशांश : 'डेसिमल'
• संख्या : 'नंबर्स'
• सांख्यिकी : 'स्टॅटिस्टिक्स'
• दिनदर्शिका : 'कॅलेंडर'

शिवाय मुलांचं लाडकं 'टर्टल', म्हणजे पडद्यावर चित्र काढणारं कासव. कासवाकडून चित्र काढून घेण्याची कल्पना १९६७ साली तयार झालेल्या लोगो या मुलांच्या भाषेमुळे प्रसिद्ध झाली आणि तिथून ती पायथनमध्ये आली. मूल पहिलाच चौकोन काढतं आणि फाइलला नाव देतं 'टर्टल डॉट पीवाय'. झालं, कासव जागेवरून हलत नाही.

म्हणजे जे मूल जास्त व्यवस्थित, तेच आधी अडकतं. 'एबीसी१२३' असं काहीतरी नाव देणाऱ्या मुलाचा प्रोग्राम चालतो आणि धड्याचं नाव देणाऱ्याचा अडतो. अशा वेळी "लक्ष कुठे होतं?" असं आपण म्हटलं तर मूल चुकीचा धडा शिकेल.

एकाची फाइल, दुसऱ्याला त्रास

बऱ्याच शाळांत संगणक कमी आणि मुलं जास्त असतात. एकाच संगणकावर, एकाच फोल्डरमध्ये सगळ्यांच्या फाइली पडलेल्या असतात. तिथे हा प्रश्न आणखी अवघड होतो.

समजा, एका मुलीने वर्गाच्या गुणांची सरासरी काढायला 'स्टॅटिस्टिक्स' मोड्यूल मागवलं. तिने आपल्या फाइलला 'सरासरी' असं नाव दिलं आहे, म्हणजे तिच्या नावात काही अडचण नाही. पण 'स्टॅटिस्टिक्स' स्वतः आतून 'फ्रॅक्शन्स', 'डेसिमल', 'नंबर्स' आणि हल्लीच्या आवृत्त्यांत 'रँडम' यांना बोलावतं. त्याच फोल्डरमध्ये मागच्या तासाच्या मुलाची 'रँडम डॉट पीवाय' पडून असेल तर काय होईल? मुलगी सरासरीचा प्रोग्राम चालवते आणि पडद्यावर येतं "चला, फासा टाकू"! त्याखाली लाल तक्रार.

तिला वाटतं आपण काहीतरी बिघडवलं. तो मुलगा म्हणतो, मी तर हिच्या फाइलला हातही लावला नाही. दोघंही खरं बोलत असतात. वर्गात "काल चालत होतं, आज कुणीतरी मुद्दाम बिघडवलं" अशी भांडणं होतात, त्यातल्या काहींचं मूळ इथे असू शकतं. म्हणून कुणालाही रागावण्याआधी फोल्डर उघडून फाइलींची नावं वाचा.

ही अडचण आपल्यापुरती नाही बरं का. पायथनसोबत येणाऱ्या 'आयडल' या लेखन-साधनाच्या अधिकृत मदत-पानावरही हे कारण दिलेलं आहे. त्यात उदाहरण म्हणून 'रँडम डॉट पीवाय' आणि 'टीकेइंटर डॉट पीवाय' हीच नावं आहेत. अशी फाइल असली की खुद्द आयडललाही ग्रंथालयातलं मोड्यूल सापडत नाही, आणि आपली फाइल दुसऱ्या नावाने ठेवा हाच उपाय तिथे सांगितला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पायथन ३.१३ पासून तर लाल तक्रारीतच सूचना येते की तुमच्या फाइलचं नाव ग्रंथालयातल्या मोड्यूलसारखं आहे, ते बदलून बघा. जुनी आवृत्ती असेल तर मात्र हे आपल्यालाच ओळखावं लागतं.

मग पायथनने हा नियम ठेवलाच कशाला?

मुलं हा प्रश्न विचारतातच आणि तो चांगला प्रश्न आहे. आधी ग्रंथालय आणि मग आपला फोल्डर, असं का नाही?

कल्पना करा, एखाद्याने २०१० साली स्वतःची 'स्टॅटिस्टिक्स डॉट पीवाय' लिहिली आणि ती आपल्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये मागवली. तेव्हा पायथनच्या ग्रंथालयात या नावाचं मोड्यूल नव्हतं. ते २०१४ मध्ये, पायथन ३.४ सोबत आलं. आधी ग्रंथालय बघायचा नियम असता तर नवी आवृत्ती टाकल्याबरोबर त्याच्या प्रोग्रामला स्वतःची फाइल सोडून भलतीच मिळाली असती. आपल्या घरातलं आधी, या नियमामुळे त्याचं काम चालू राहिलं. म्हणजे नियम वेडगळ नाही. तो माहीत नसला की त्रास होतो, एवढंच.

एक अपवादही लक्षात ठेवा. फाइलला 'टाइम डॉट पीवाय' नाव दिलं आणि त्यात 'इम्पोर्ट टाइम' लिहिलं तर असा गोंधळ होत नाही. कारण 'टाइम' वरच्या यादीत दुसऱ्या जागी आहे, मुलाच्या फोल्डरच्याही आधी. तिथे उलट घडतं. आपली 'टाइम' फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये मागवायला गेलो तर ती कधीच मिळत नाही, पायथनचंच मिळतं. 'मॅथ' आणखी मजेशीर आहे. पायथन कसा बांधला आहे त्यानुसार ते कुठे दुसऱ्या जागी असतं, कुठे चौथ्या. म्हणून 'मॅथ डॉट पीवाय' नावाची फाइल एका संगणकावर चालते आणि दुसऱ्यावर अडते, असं होऊ शकतं. "शाळेत चालला, घरी चालला नाही" असं मूल म्हणालं तर त्याला खोटं ठरवू नका.

कसं ओळखायचं? तीन खुणा

१) प्रोग्रामच्या वरच्या भागात छापलेलं वाक्य दोनदा दिसतं, किंवा भलत्याच प्रोग्रामचं वाक्य येतं.

२) लाल अक्षरांत फाइलींचे पत्ते असतात ते वाचा. ग्रंथालयातल्या फाइलचा पत्ता पायथनच्या फोल्डरचा असायला हवा. त्या जागी आपल्या शाळेच्या फोल्डरचा पत्ता दिसला तर समजून जा.

३) मोड्यूललाच पत्ता विचारा. 'इम्पोर्ट रँडम'च्या लगेच खाली लिहा : प्रिंट (रँडम डॉट, दोन अंडरस्कोर, फाइल, पुन्हा दोन अंडरस्कोर). पायथन सांगतो की हे मोड्यूल त्याने कोणत्या फाइलमधून आणलं. पत्ता मुलाच्या फोल्डरचा आला की चोर सापडला! ('टाइम'सारख्या बांधलेल्या मोड्यूलला असा पत्ता नसतो, तिथे हे चालणार नाही.)

कसं सोडवायचं?

फाइलचं नाव बदला, बस. पायथन काढून पुन्हा टाकायची गरज नाही.

पण इथे एक खड्डा आहे. मूल 'सेव्ह ॲज' करून नवं नाव देतं. त्याने नवी फाइल तयार होते, पण जुनी 'रँडम डॉट पीवाय' फोल्डरमध्ये तशीच राहते. पायथनला तीच सापडते आणि अडचण तशीच. "सर, नाव बदललं तरी होईना," असं मूल म्हणालं की आधी हेच बघा. म्हणून फोल्डर उघडून तिथेच 'रीनेम' करा, मग आयडल बंद करून पुन्हा उघडा. फोल्डरमध्ये 'पायकॅश' नावाचं छोटं फोल्डर दिसेल. पायथन ३ मध्ये त्याचा त्रास होत नाही, ते तसंच राहू द्या.

पायथन ३.११ पासून (२०२२) आपला फोल्डर शोधातून वगळायची सोयही आहे. पण मग मुलाला स्वतःची दुसरी फाइल मागवता येत नाही. म्हणून शाळेसाठी नाव बदलणंच बरं.

सवय कोणती लावायची? मराठी नाव!

माझ्या मते सगळ्यात सोपा उपाय आपल्या भाषेतच आहे. पायथनच्या ग्रंथालयात आतल्या वापराची धरून सुमारे ३०० नावं आहेत. ती पाठ करणं मुलांचं काम नाही. पण ती इंग्रजी शब्दांवरून किंवा त्यांच्या संक्षेपांवरून आलेली आहेत. म्हणून फाइलला मराठी नाव द्या, इंग्रजी अक्षरांत : फासा, कासव, सरासरी, अपूर्णांक, पाढे. टक्कर होण्याचा प्रश्नच जवळजवळ संपतो. पायथन ३ मध्ये देवनागरी अक्षरांतलं नावही चालतं. पण सगळ्या संगणकांवर मराठी टाइप करायची सोय नसते, म्हणून इंग्रजी अक्षरं सोयीची.

त्यासोबत एवढे नियम भिंतीवर लावा :

• आधी कामाचं मराठी नाव, मग अंडरस्कोर, मग हजेरी क्रमांक. उदा. 'फासा अंडरस्कोर १२'. यामुळे एकाची फाइल दुसऱ्याच्या फाइलवर सेव्हही होत नाही.
• नावात मोकळी जागा किंवा आडवी रेघ नको. सुरुवात अंकाने नको.
• प्रत्येक मुलाचं फोल्डर वेगळं.
• इंग्रजी नाव द्यायचंच असेल तर आधी आयडल नव्याने उघडून 'इम्पोर्ट' आणि ते नाव टाइप करा. 'असं मोड्यूल सापडलं नाही' अशी तक्रार आली तर नाव मोकळं आहे. तक्रार आली नाही तर ते नाव आधीच कुणाचं तरी आहे.

पालकांसाठी एक गोष्ट. डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये फाइल ठेवून तिथूनच प्रोग्राम चालवू देऊ नका. कुठून कुठून आलेल्या फाइली तिथे असतात, आणि नाव जुळलं तर पायथन त्यांतली फाइल न विचारता चालवतो.

संगणक नसेल तरी घेता येणारा उपक्रम

वर्गात एका मुलाला बोलवा. नियम सांगा : मागितलेली वस्तू आधी स्वतःच्या दप्तरात शोधायची, तिथे नसेल तरच शाळेच्या कपाटात. आता म्हणा, "शब्दकोश आण." तो कपाटातून आणेल. मग त्याच्या दप्तरात एक कोरी वही ठेवा, वर मोठ्या अक्षरांत लिहा 'शब्दकोश'. पुन्हा म्हणा, "शब्दकोश आण आणि त्यात 'पाऊस' शब्द काढून दाखव." नियम पाळणारा मुलगा कोरी वही आणेल आणि म्हणेल, "सर, यात तर काहीच नाही!" सगळा वर्ग हसेल. मग विचारा : मुलगा चुकला का? शब्दकोश हरवला का? मग नक्की काय झालं? उत्तर मुलांनाच देऊ द्या. त्यानंतर वहीवरचं नाव खोडून 'माझे शब्द' लिहायला सांगा आणि पुन्हा खेळा.

हा खेळ झाला की लाल अक्षरं दिसल्यावर मूल आधी "मला येत नाही" म्हणणार नाही, "पायथनला कोणती फाइल सापडली?" असं विचारेल. आपल्याला त्याच्याकडून एवढंच तर हवं आहे.

आपल्या शाळेत करून पाहा. मुलांनी फाइलींना कोणती मराठी नावं दिली तेही जरूर कळवा.